प्रतिकारशक्ती कमी, मग डोळा एवढा सुजतो कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा वर्षांचा मधुमेह. गेल्या वर्षात तीनदा रांजणवाडी झाली आणि चार महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याच्या बुबुळावर जिवाणूंमुळे व्रण झाला. तो भरायला सात आठवडे लागले आणि मागे पांढरट डाग राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, "मधुमेहात प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून असं होतं." त्यावर विचारणाऱ्यांची शंका अशी: शक्ती कमी असेल तर डोळा लालबुंद होऊन एवढा सुजला कशाने? सूज म्हणजे शरीर लढतंय असंच ना? मग शक्ती वाढवणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का? आणि आता दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, ते करावं की थांबावं?

शंका रास्त आहे. खरं तर "प्रतिकारशक्ती कमी" हे आम्ही डॉक्टर घाईत वापरतो ते वाक्य आहे. बाहेर रांग असते, समजावून सांगायला वेळ नसतो, आणि रुग्णालाही तेवढ्यावर समाधान मिळतं. पण या वाक्यामुळे लोक गोळ्यांच्या मागे लागतात आणि जिथे लक्ष द्यायला हवं तिथे देत नाहीत.

माझं उत्तर असं: मधुमेहात डोळ्याची संरक्षणव्यवस्था दुबळी होते त्याहून जास्त ती बेशिस्त होते. धोक्याची हाक उशिरा जाते, मदत उशिरा पोहोचते, पोहोचल्यावर नेम चुकतो, आणि काम संपलं तरी मंडळी घरी जात नाहीत. तुम्हाला जी सूज दिसली ती बहुतेक या शेवटच्या दोन दोषांची होती. आता हे नीट उलगडून सांगतो.

आधी डोळ्याच्या पृष्ठभागापासून सुरुवात करू, कारण बहुतेक लढाया तिथेच जिंकल्या जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर सतत असतो. ते नुसतं पाणी नाही. त्यात लायसोझाइम आहे, जे जिवाणूंच्या भिंतीला भोकं पाडतं. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणजे पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. प्रयोगाला अश्रू कमी पडू लागले तेव्हा लोकांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळून त्याने ते मिळवले होते. अश्रूंत लॅक्टोफेरिनही आहे. जिवाणूंना वाढायला लोह लागतं, ते हे प्रथिन आधीच बांधून ठेवतं. शिवाय आयजीए नावाची प्रतिद्रव्यं आहेत, जी जिवाणूंना पृष्ठभागावर चिकटू देत नाहीत. या सगळ्याला पापणी मिनिटाला दहा-पंधरा वेळा फडके मारत असते. तुम्ही झोपता तेव्हा पापणी थांबते, पण रात्रभर बंद डोळ्याच्या अश्रूंत पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने जमा होतात. पहाऱ्याची पाळी बदलते इतकंच.

मधुमेहात या थरावरच पहिला घाव पडतो. अश्रू कमी तयार होतात, त्यांचा दर्जा घसरतो, त्यांतलं ग्लुकोजचं प्रमाण वाढतं. "अश्रूंत साखर म्हणून जिवाणू वाढतात" असं पुष्कळदा ऐकू येतं. थोडं तथ्य असेल त्यात, पण माझ्या मते हे कारण फार खालच्या क्रमांकाचं आहे. त्याच्या वर मी दोन गोष्टी ठेवेन: कॉर्नियाचं आवरण आणि कॉर्नियाच्या नसा.

कॉर्निया म्हणजे आपण बोलताना ज्याला बुबुळ म्हणतो त्याच्यावरची पारदर्शक काच. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्यावर पेशींच्या पाच ते सात थरांचं आवरण असतं, पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या. हे आवरण शाबूत असेल तर बहुतेक जिवाणूंना आत शिरताच येत नाही. मधुमेहात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की आवरणाखालचा पायाचा पडदा, म्हणजे ज्या पातळ थराच्या पायावर ते आवरण उभं असतं तो, जाड आणि साखरेने "गंजलेला" होतो. प्रथिनांना ग्लुकोज चिकटून त्यांची रचना बदलते. मग आवरण वरून ठीक दिसतं, पण खालून पकड सैल झालेली असते, भिंतीला पोपडे धरल्यासारखी. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, ऑपरेशनमध्ये नीट दिसावं म्हणून कधी कधी हे आवरण खरवडावं लागतं. एरवीच्या माणसात ते दोन-चार दिवसांत परत येतं. मधुमेहीत कधी कधी आठवडे जातात. तुमच्या सात आठवड्यांचं अर्धं कारण इथे आहे.

आता नसा. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याच्याबद्दल रुग्णांना सगळ्यात कमी सांगितलं जातं. कॉर्नियात त्वचेच्या तुलनेत शेकडो पट दाट मज्जातंतू असतात. म्हणून डोळ्यात धुळीचा कण गेला तरी जीव जातो. मधुमेहाने पायांना मुंग्या येतात, पाय बधिर होतात, हे सर्वांना माहीत आहे. तेच कॉर्नियातही होतं. विशेष सूक्ष्मदर्शकाखाली या नसा विरळ, तुटक दिसतात, आणि हा बदल काही जणांत पायाची लक्षणं सुरू होण्याआधीच दिसू लागतो.

नसांचं काम नुसतं दुखणं कळवण्याचं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण या नसा आवरणाच्या पेशींना पोसणारी रसायनंही सोडतात. त्या गेल्या की पेशींची वाढ मंदावते. पापणी कमी वेळा मिटते, कारण मिटण्याची सूचना नसांकडूनच येते. अश्रू कमी सुटतात, कारण तीही सूचना तिथूनच. म्हणजे एका नसेच्या ऱ्हासाने पहारा, धुलाई आणि डागडुजी या तिन्ही गोष्टी एकदम ढासळतात. शिवाय दुखत नाही. माणूस येतो तो "दोन दिवस जरा धूसर दिसतंय" म्हणत, आणि तपासायला दिवा लावला तर कॉर्नियाच्या मधोमध चार मिलिमीटरचा पूभरला व्रण. "दुखत नाही का हो?" "छे, थोडं खुपतंय." असे रुग्ण मी दरवर्षी पाहतो. मधुमेह नसलेला माणूस असल्या व्रणाने रात्रभर तळमळला असता आणि पहाटे दारात उभा राहिला असता. मधुमेही चौथ्या दिवशी येतो. त्या तीन दिवसांची भरपाई कोणत्याही औषधाने होत नाही.

म्हणून कॉर्नियाची संवेदना तपासणं फार सोपं आणि फार मोलाचं आहे. कापसाची बारीक वात ओढून तिचं टोक बुबुळाला हलकंच लावायचं आणि पापणी किती चटकन मिटते ते बघायचं. भूल देणारे थेंब घालण्यापूर्वी करायची ही तपासणी. नंतर केली तर उपयोग शून्य. पुढच्या वेळी डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

आता जिवाणू आत शिरला असं धरू. कॉर्नियाच्या पेशींवर आणि तिथे राखण करणाऱ्या पेशींवर जिवाणू ओळखणारे काही ग्राहक असतात, टोल-लाइक रिसेप्टर नावाचे. एक जण जिवाणूच्या शेपटीचं प्रथिन ओळखतो, दुसरा त्याच्या बाहेरच्या आवरणातली चरबी ओळखतो. ओळख पटली की पेशी आयएल-१, आयएल-६, आयएल-८ अशी संदेशरसायनं सोडतात. ही हाक ऐकून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून निघतात. इथे कॉर्नियाची एक अडचण आहे: तिच्यात रक्तवाहिन्याच नाहीत, नाहीतर ती पारदर्शक राहिली नसती. त्यामुळे न्यूट्रोफिलना कडेच्या, म्हणजे बुबुळ आणि पांढरा भाग यांच्या सीमेवरच्या रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून मधल्या भागापर्यंत चालत यावं लागतं. काही अश्रूंमधूनही येतात. निरोगी माणसातही याला तास लागतात.

मधुमेहात हा प्रवास जागोजागी अडखळतो. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडणं, हाकेच्या दिशेने सरकणं, जिवाणूला गिळणं, गिळल्यावर मारणं, या चारही पायऱ्यांवर साखर चढलेली असताना न्यूट्रोफिल मागे पडतात, असं प्रयोगशाळेत वारंवार दिसलं आहे. रक्ततपासणीत मात्र पांढऱ्या पेशींचा आकडा व्यवस्थित येतो, कधी जास्तच येतो. म्हणून "माझ्या पांढऱ्या पेशी भरपूर आहेत, मग शक्ती कमी कशी?" या प्रश्नाला अर्थ आहे. हजेरीपटावर सगळे हजर, पण कामाचा उरक नाही.

मारण्याची पायरी का बिघडते हे समजून घेण्यासारखं आहे, कारण साखर आणि संसर्ग यांचा थेट धागा इथेच सापडतो. न्यूट्रोफिल जिवाणूला गिळून त्याच्यावर प्राणवायूपासून बनवलेली तिखट रसायनं ओततो. ती बनवायला एनएडीपीएच नावाचं इंधन लागतं. आता पेशीत ग्लुकोज जास्त झालं की पेशी ते दुसऱ्या वाटेने सॉर्बिटॉलमध्ये बदलू लागते, आणि त्या वाटेलाही हेच इंधन लागतं. भरीला पेशीची स्वतःची गंजरोधक यंत्रणा, ग्लुटाथिओनची, तीही याच इंधनावर चालते. एकाच पगारात तीन संसार. साखर जितकी जास्त, तितका सॉर्बिटॉलचा वाटा मोठा, आणि जिवाणू मारायला उरलेलं इंधन तितकं कमी. यातली चांगली बाजू अशी, की हा दोष बऱ्याच अंशी परत फिरतो. इन्सुलिनने साखर आवाक्यात आणली की न्यूट्रोफिलचं काम काही दिवसांत सुधारू लागतं. नसा आणि पायाचा पडदा यांचं तसं नाही; ते वर्षांचं नुकसान आहे आणि वर्षांच्याच हिशेबाने, तेही अर्धवट, भरतं.

मग सूज? इथे तुमच्या मूळ प्रश्नाला हात घालतो.

मधुमेही शरीरात, विशेषतः वजन जास्त असेल तर, कायमचा एक मंद दाह पेटलेला असतो. संदेशरसायनांची पातळी शांत काळातही थोडी वरच असते. सतत कुणी ओरडत असेल तर खऱ्या ओरड्याकडे लक्ष जात नाही. खरा जिवाणू आल्यावर पहिल्या काही तासांतला प्रतिसाद त्यामुळे फिका पडतो. तोवर जिवाणू हजाराचे लाख होतात. मग एवढ्या मोठ्या फौजेला उत्तर म्हणून जी लाट येते ती बेसुमार असते. आणि ती ओसरत नाही.

न्यूट्रोफिलच्या पिशव्यांत नुसती जिवाणूनाशकं नसतात, कोलॅजन विरघळवणारी विकरंही असतात. कॉर्निया जवळजवळ सगळी कोलॅजनचीच आहे. म्हणजे जिवाणूला मारायला आलेली पेशी आपल्याच घराच्या भिंती खाते. कॉर्निया "वितळते" असं आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू, जो कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांत विशेष दिसतो, स्वतःही असली विकरं सोडतो; दोन्ही बाजूंनी तोडफोड सुरू झाली तर एक-दोन दिवसांत बुबुळाला भोक पडू शकतं.

न्यूट्रोफिलची आणखी एक खोड आहे. काही न्यूट्रोफिल मरताना स्वतःच्या केंद्रातला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जिवाणू त्यात अडकतात. मधुमेहींच्या न्यूट्रोफिलना ही जाळी फेकण्याची घाई असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात दिसलं, की मधुमेही उंदरांच्या त्वचेवरच्या जखमा या जाळ्यांमुळे लवकर भरत नाहीत, आणि जाळी तयार करणारं विकर नसलेल्या उंदरांच्या लवकर भरतात. पण म्हणून जाळी वाईट असंही म्हणता येत नाही. स्यूडोमोनासच्या संसर्गात हीच जाळी कुंपणासारखी उभी राहून जिवाणूला मेंदूकडे जाण्यापासून अडवते, असंही उंदरांतच दिसलं आहे. निसर्गाने सरळ उत्तरं द्यायचं नाकारलेलं आहे, त्याला काय करणार.

दाह संपवणं हेही प्रतिकाराचंच काम आहे, हे आपण विसरतो. मेलेल्या न्यूट्रोफिलना उचलून नेणं आणि "आता बांधकामाला लागा" असा निरोप देणं, हे काम मॅक्रोफेज पेशींचं. मधुमेहात या पेशी तोडफोडीच्या भूमिकेतून डागडुजीच्या भूमिकेत जायला फार वेळ लावतात. जिवाणू मेलेत, तपासणीत काही उगवत नाही, तरी डोळा लाल आणि व्रण उघडा, अशी जी मधली लांबलचक अवस्था तुम्ही अनुभवली असेल, ती ही. या काळात घाबरून अँटिबायोटिकचा मारा वाढवला तर उलटं होतं, कारण त्या थेंबांतलं औषध आणि टिकवणारं रसायन दोन्ही आवरणाच्या नव्या पेशींना जाळतात. आवरण न भरण्याचं कारण जिवाणू आहे की औषध, हे ओळखणं कॉर्नियाच्या डॉक्टरची खरी परीक्षा. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत यात चुकलो आहे. तीन आठवडे मारत होतो तो शत्रू पहिल्याच आठवड्यात मेलेला होता.

तर सूज म्हणजे शरीर लढतंय, हे बरोबर. पण ती किती आहे यावरून लढाई कशी चालली आहे ते कळत नाही. मधुमेहात आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत पुष्कळदा असते.

रांजणवाडीचं थोडक्यात सांगतो. पापणीच्या केसाच्या मुळाशी किंवा तेलग्रंथीत बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस जिवाणूमुळे होणारी ती गाठ. मधुमेहींच्या पापण्यांवर आणि नेत्रस्तरावर, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणावर, जिवाणूंची वस्ती जास्त असते, ग्रंथींतलं तेल घट्ट होतं, आणि वर सांगितलेला न्यूट्रोफिलचा आळस. वारंवार रांजणवाडी येणाऱ्या आणि मधुमेह माहीत नसलेल्या माणसाची साखर तपासायला मी सांगतोच. काहींचं निदान असंच झालं आहे. तुमच्यासाठी उपाय कंटाळवाणा आहे: रोज गरम शेक, पापणीच्या कडा बोटाने हलक्या चोळून स्वच्छ करणं, आणि हे गाठ नसतानाही चालू ठेवणं. गाठ पिळायची नाही. चेहऱ्याच्या त्या भागातल्या शिरा आत कवटीकडे जातात.

आता डोळ्याच्या आतला संसर्ग. याची भीती मोतीबिंदूच्या संदर्भात तुम्हाला वाटते आहे, आणि ती वाटायला हवी तेवढीच वाटावी म्हणून थोडी पार्श्वभूमी. डोळ्याचा आतला भाग मुद्दाम शांत ठेवलेला असतो. तिथे दाह झाला तर दृष्टीच जाईल, म्हणून शरीर तिथल्या प्रतिकाराला लगाम घालून ठेवतं. प्रत्यारोपणाचे संशोधक पीटर मेदावर यांनी १९४० च्या दशकात डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात दुसऱ्या प्राण्याची त्वचा ठेवून पाहिली तेव्हा ती नाकारली न जाता टिकली. तिथून हा विचार रुजला. ही शांतता टिकवायला रक्त आणि पडदा यांच्यामध्ये एक बंदोबस्त लागतो. मधुमेहाने पडद्याच्या रक्तवाहिन्या गळू लागतात म्हणजे नेमका हाच बंदोबस्त ढिला होतो. शरीरात दुसरीकडे संसर्ग असेल तर जिवाणू रक्तातून डोळ्यात शिरू शकतात. क्लेब्सिएला नावाच्या जिवाणूने यकृतात गळू होतं आणि तिथून तो डोळ्यात उतरतो, हा प्रकार मधुमेहींमध्ये खास करून दिसतो. ताप, हुडहुडी आणि डोळा लाल होऊन अचानक दिसेनासं झालं, तर तो नुसता डोळ्याचा आजार समजू नका. कधी कधी यकृतातल्या गळवाचा पहिला निरोप डोळाच देतो.

ऑपरेशननंतरचा आतला संसर्ग वेगळा. तो बहुधा आपल्याच पापणीवरच्या साध्या जिवाणूंमुळे होतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२० रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात मोतीबिंदूनंतरच्या अशा संसर्गाचा उपचार तपासला गेला. त्यात सगळ्यांना औषध डोळ्याच्या आतच टोचलं होतं, आणि कळलं ते असं, की त्यावर शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकने भर पडत नाही. आणि जिवाणू सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांमध्ये ते त्वचेवरचेच सौम्य स्टॅफिलोकोकस होते. मधुमेहींची अंतिम दृष्टी इतरांपेक्षा कमी राहिली. सौम्य जिवाणू, योग्य औषध, तरी निकाल कमी. वर सांगितलेला बेशिस्तपणा आणि आधीच जखमी असलेला पडदा, दोन्ही त्याला कारण असावेत असं मला वाटतं.

उपचारात यावरून काय बदलतं? पहिलं, मधुमेहीच्या व्रणातला खरवड तपासायला पाठवल्याशिवाय मी औषध सुरू करत नाही, व्रण अगदी लहान आणि कडेला असला तर गोष्ट वेगळी. कारण बुरशीही असू शकते आणि तिला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दुसरं, पहिले दोन दिवस थेंब दर तासाला, रात्रीसुद्धा. लोक रात्र सोडतात. जिवाणू सोडत नाहीत.

तिसरं, स्टेरॉइड. दाह जास्त आहे म्हणता तर तो दाबायचं औषध का नको, असं तुम्ही विचाराल. दाबायचं, पण केव्हा हे महत्त्वाचं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या चाचणीत, जिवाणू ओळखून दोन दिवस अँटिबायोटिक दिल्यावर स्टेरॉइडचे थेंब जोडले, तर तीन महिन्यांनंतरच्या दृष्टीत एकूण फरक पडला नाही. ज्यांचे व्रण सुरुवातीला फार वाईट होते त्यांना थोडा फायदा दिसला, आणि नोकार्डिया नावाचा जिवाणू असलेल्यांना तोटा. म्हणून जिवाणू कोणता ते कळलेलं असेल, औषध लागू पडतंय हे दिसत असेल, तरच मी मधुमेहीला सांभाळून स्टेरॉइड देतो, आणि दोन-तीन दिवसांनी परत बोलावतो. पूर्वीच्या उरलेल्या बाटलीतले थेंब स्वतःहून घालणं हा मात्र सरळ आत्मघात. लाली उतरते, बरं वाटतं, आणि खाली जिवाणू किंवा बुरशी मोकळी सुटते. आमच्याकडे उशिरा पोहोचणाऱ्या रुग्णांत दुखणं न जाणवलेले आणि ही बाटली वापरलेले, या दोन गटांचा भरणा असतो.

चौथी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. डोळ्यात घालायचे वेदनाशामक थेंब, डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक, मधुमेहींच्या कोरड्या, संवेदना गेलेल्या कॉर्नियावर दीर्घकाळ वापरले तर कॉर्निया वितळू शकते. औषधाच्या माहितीपत्रकात मधुमेहींसाठी हा इशारा दिलेला असतो. ऑपरेशननंतर हे थेंब ठरावीक मुदतीसाठी लिहून देतात, ते ठीक. पुढे चालू ठेवू नका.

साखरेबद्दल. संसर्ग झाला की शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं आणि साखर चढते, चढलेल्या साखरेने न्यूट्रोफिल मंदावतात, संसर्ग वाढतो, साखर आणखी चढते. हे चक्र औषधाच्या बाटलीने तुटत नाही, म्हणून बुबुळाचा मोठा व्रण झाला की मी मधुमेहाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवतो. गोळ्यांवरच्या माणसाला काही दिवसांपुरतं इन्सुलिन लागू शकतं, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. मात्र वर्षानुवर्षं चढलेली साखर एकदम खाली खेचायची घाईही करू नका. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, झपाट्याने उतरलं तर पडद्यावरचा आजार काही काळ वाढतो, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासापासून माहीत आहे. लांबच्या पल्ल्यात त्याच अभ्यासाने चांगल्या नियंत्रणाचा मोठा फायदाही दाखवला. म्हणून साखर उतरवायचीच, पण पडदा तपासून घेऊन.

आता गोळ्या. "प्रतिकारशक्ती वाढवणारी" म्हणून जी पूड, काढा किंवा कॅप्सूल मिळते, तिने या साखळीतली नेमकी कोणती कडी दुरुस्त होते असं विचारा. नसा? पायाचा पडदा? एनएडीपीएचची वाटणी? दाह थांबवण्याची कला? तुमच्या डोळ्यात आधीच न्यूट्रोफिल जास्त काळ मुक्काम ठोकून बसतात. त्यांना आणखी चेव आणणारी गोळी खरोखर सापडली तरी मी ती तुम्हाला देणार नाही. जीवनसत्त्वाची कमतरता तपासणीत सापडली तर ती भरून काढा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जरूर तपासा, कारण ते कमी झालं तर नसांचं दुखणं वाढतं आणि दोष सगळा साखरेवर जातो.

त्यापेक्षा ज्या डोळ्याची संवेदना गेली आहे त्याला कृत्रिम अश्रू द्या, तेही टिकवणारं रसायन नसलेले. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर निदान लावून झोपू नका. संवेदना फारच गेली असेल आणि आवरण भरतच नसेल तर उपचाराची लेन्स, गर्भजलाच्या पडद्याचं ठिगळ, पापण्या काही काळ अर्धवट शिवणं असे मार्ग आहेत. आणि मज्जातंतूंच्या वाढीचा घटक असलेल्या थेंबांनाही अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, ते महाग असले तरी. आणि दुखण्यावर विसंबू नका. रोज सकाळी एक डोळा झाकून दुसऱ्याने समोरच्या भिंतीवरची तीच एक वस्तू बघायची, मग डोळा बदलायचा. कालच्यापेक्षा धूसर, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका, यातलं काहीही एक असेल तर त्याच दिवशी डोळे दाखवा. दुखत नसेल तर जास्त लवकर.

राहिलं मोतीबिंदूचं. करून घ्या, घाबरून वर्षभर लांबवू नका. मोतीबिंदू फार पिकला तर पडदा नीट दिसत नाही आणि त्याच्यावरचे उपचार अडतात. फक्त त्याआधी पापण्यांची सूज पूर्ण उतरलेली असावी आणि शेवटच्या रांजणवाडीला काही आठवडे होऊन गेलेले असावेत. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली अश्रुपिशवी दाबून आणि पाणी सोडून तपासून घ्या. तिथे पू साठलेला असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. ऑपरेशनच्या टेबलावर पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाचे थेंब घालतात ना, आणि शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक टोचतात ना, हे विचारायला लाजू नका. आत सेफ्युरॉक्सिम टोचल्याने संसर्गाचं प्रमाण सुमारे पाचपट कमी होतं, असं युरोपातल्या मोठ्या अभ्यासात २००७ मध्ये दिसलं आहे. एचबीएवनसी अमुक आकड्याखाली आलंच पाहिजे म्हणून मी ऑपरेशन अडवत नाही, पण त्या दिवशी सकाळी साखर तीनशेच्या घरात असेल तर तारीख पुढे ढकलतो. आणि ऑपरेशननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी दिसणं आदल्या दिवसापेक्षा कमी झालं, तर पुढच्या भेटीची तारीख बघत बसू नका. दुखत नसलं तरी, रात्र असली तरी, फोन करा.